मोटारींतील अँप्लिफायर मध्येंच बंद कां पडतो?

उसाच्या गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे कृष्णाकांठच्या रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि दोन ट्रॉल्या भरून निघालेला ट्रॅक्टर दृष्टीस पडण्यापूर्वींच त्याच्या गाण्याचा आवाज आपल्या कानीं येतो. जुन्या मंडळींस हा प्रकार आवडत नाहीं; मलाही फारसा आवडत नाहीं. परंतु रात्रीं दोन वाजतां कारखान्याच्या वजनकांट्यापुढें ताटकळत बसलेल्या तरुणानें डोळा लागूं नये म्हणून दुसरें काय करावें, असें मला एकानें विचारलें, तेव्हां उत्तर सुचलें नाहीं. असो. गाणीं ऐकावींत कीं नाहीं हा आजचा विषय नव्हे. गाडींत बसविलेला अँप्लिफायर चालतां चालतां मध्येंच गप्प कां होतो व त्याचा दोष कसा हुडकावा, हा आहे. ह्या प्रकरणीं शेतकऱ्याचा पैसा विनाकारण जातो आणि क्वचित् गाडीही जळते, म्हणून मासिकाचीं चार पानें त्यासाठीं खर्चिणें अनाठायीं होणार नाहीं असें वाटतें.

माझ्या पुतण्याजवळ एक जुनी डिझेलची जीप आहे. आठवड्यांतून चार दिवस ती भाजीपाला घेऊन बाजारास जाते, व सकाळच्या वेळीं घरचीं मुलें तींतूनच शाळेस जातात. दोन वर्षांपूर्वीं त्यानें तींत एक चार चॅनेलचा अँप्लिफायर आणि मागल्या बाजूस खर्जाचा, म्हणजे आपलीं मुलें ज्यास बेस म्हणतात त्याचा, एक मोठा स्पीकर बसवून घेतला. गेल्या मार्गशीर्षापासून हा अँप्लिफायर दगा देऊं लागला. गांवांत फिरतांना तो ठीक चाले; बाजाराच्या वाटेस लागलें कीं वीस-पंचवीस मिनिटांत आवाज तुटे, हिरवा दिवा जाऊन तांबडा लागे, आणि दहा मिनिटें थांबलें कीं जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत तो पुन्हां गाऊं लागे. तालुक्याच्या गांवीं एका दुकानदारास तो दाखविला. त्यानें झांकणही न उघडतां आंतला भाग गेल्याचें सांगितलें व नव्याची किंमत १४,००० रुपये सांगितली. पैसे होते, पण ते ठिबकच्या नळ्यांसाठीं बाजूस ठेविलेले. पुतण्या मजकडे आला व म्हणाला, "काका, पंपाच्या स्टार्टरांत तुम्ही डोकें घालतां, तेवढें ह्यांतही घालून बघा. नाहींच जमलें तर उद्यां नवा आणतों."

प्रथम त्या तांबड्या दिव्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. तो लागला म्हणजे अँप्लिफायर मेला, असा समज सर्वत्र आहे. वस्तुतः बरेचदां तें यंत्र शुद्धीवर असल्याचें चिन्ह असतें. अंग फार तापलें, आंत येणारा विजेचा दाब फार उतरला, स्पीकराच्या तारा एकमेकींस चिकटल्या किंवा झेपेल त्याहून अधिक भार आला, म्हणजे अँप्लिफायर आपण होऊन काम थांबवितो. तशी योजनाच त्यांत केलेली असते. आंतील ट्रान्झिस्टर जळले असतां हाच दिवा लागतो हें खरें, पण तेव्हां तो बहुधा सुरू करतांच लागतो व विझत नाहीं. जो अँप्लिफायर वीस मिनिटें गातो, दहा मिनिटें विसावा घेतो व पुन्हां गातो, त्याच्या पोटांत बिघाड असण्यापेक्षां त्याच्या भोंवतालीं तो असण्याचा संभव अधिक.

विहिरीवरचा स्टार्टर वारंवार पडूं लागला म्हणजे आपल्यांतील कित्येक जण बटनास दोरी बांधतात किंवा रिलेंत काडी खुपसतात. पुढें आठ दिवसांत मोटार जळते आणि रिवाइंडिंगचें बिल हातीं येतें. दोष स्टार्टरांत नसतो. स्टार्टर दोष सांगत असतो. अँप्लिफायरचा तांबडा दिवा ह्याच जातीचा आहे, आणि आमच्या पुतण्यानेंही त्याच जातीची काडी एके ठिकाणीं खुपसून ठेविली होती. ती कोठें, तें पुढें येईल.

हातीं पाना-पेचकस घेण्यापूर्वीं आम्हीं दोन दिवस नुसतें निरीक्षण केलें. माझ्या मतें निम्मा शोध येथेंच लागतो. खर्जाच्या ठोक्यासरशीं आवाज तुटत असेल तर विजेचा दाब उतरतो आहे असें धरून चालावें. बऱ्याच वेळानें तुटून थंड झाल्यावर परत येत असेल तर उष्णता. खड्ड्यांत चाक जातांच तुटत असेल तर कोठें तरी तार सैल आहे, किंवा स्पीकराची सोललेली तार सीटच्या रुळाखालीं गाडीच्या पत्र्यास टेंकते आहे. आणि तांबडा दिवा न लागतां सर्वच दिवे विझत असतील, तर मुख्य वीज तरी तुटते अथवा टेपकडून येणारी बारीक निळी तार, जिला रिमोट म्हणतात, ती तरी. ही तार म्हणजे केवळ इशारा आहे. तिच्यावर १२ व्होल्ट आले कीं अँप्लिफायर जागा होतो, गेले कीं निजतो. आवाज बंद असतांनाच त्या खुंटीवर मीटर लावून पाहावा. तेथें वीज नसेल तर अँप्लिफायरला बोल लावण्याचें कारण नाहीं.

आमच्या जीपमध्यें लक्षण उष्णतेचें होतें. पण पुतण्यानें आणखी एक गोष्ट सांगितली : पावसाळ्यानंतर आवाजांत पूर्वींचा जोर राहिला नव्हता, म्हणून त्यानें अँप्लिफायरवरच्या खुंट्या थोड्या थोड्या करून पार शेवटापर्यंत पिळल्या होत्या. हें ऐकून माझें लक्ष उष्णतेवरून विजेच्या वाटेकडे गेलें.

आतां थोडें गणित. अँप्लिफायरच्या खोक्यावर ३,००० वॅट असें ठळक छापलेलें होतें. त्याच्या अंगावर मात्र २५ अँपिअरचे दोन फ्यूज होते, म्हणजे सर्व मिळून ५० अँपिअर. गाडीचा दाब १३ व्होल्ट धरला तर सतत आंत शिरूं शकणारी शक्ति फार तर ६५० वॅट. तींतून ३,००० बाहेर कसे पडावेत? जुन्या धर्तीच्या, एबी वर्गाच्या यंत्रांत आंत गेलेल्यापैकीं निम्म्याहून थोडा अधिक भाग आवाजाच्या कामीं येतो व बाकीची उष्णता होते. नव्या डी वर्गाच्या यंत्रांत चार-पंचमांश किंवा थोडा अधिक भाग उपयोगीं पडतो. खोक्यावरचा आंकडा न वाचतां फ्यूज वाचावे, एवढें खरेदीच्या वेळीं ध्यानांत ठेविलें तरी पुष्कळ.

घरांत एक अँपिअरचा खेळ असतो, गाडींत चाळीस-पन्नासाचा. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम असा कीं, प्रवाहास रोधानें गुणिलें म्हणजे वाटेंत हरवणारा दाब मिळतो. ४० अँपिअर वाहत असतां वाटेंत एका ओहमचा विसावा भाग, म्हणजे ०.०५ ओहम रोध असला तरी २ व्होल्ट वाटेंतच जिरतात. रोहित्रापासून पांच पोल दूर असलेल्या विहिरीवर दाब कां मिळत नाहीं हें ज्यास ठाऊक आहे, त्यास ह्यांत नवें कांहीं नाहीं. इतकेंच कीं २३० मधून २ गेले तर कळतही नाहीं, पण १३ मधून २ गेले तर यंत्र कोलमडतें. पुष्कळ अँप्लिफायर १० ते ११ व्होल्टांच्या दरम्यान आपलें दार लावून घेतात.

आम्हीं साधा मल्टिमीटर २० व्होल्ट डी.सी.वर ठेविला. इंजिन बंद असतां बॅटरीवर १२.५ होते, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखविते, तेव्हां तक्रार नव्हती. इंजिन चालू केल्यावर १४.१, म्हणजे अल्टरनेटरही ठीक. मग मोबाइलमधून खर्जाचा एकसारखा सूर लावला, कारण गाण्याच्या ठोक्याबरोबर मीटरचे आंकडे नाचतात व कांहींच वाचतां येत नाहीं. प्रवाह मोजण्यास डी.सी. मोजणारा चिमट्याचा मीटर एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनाकडून मागून आणला. (पंपाच्या मिस्त्रीजवळ असतो तो चिमटा बहुधा ए.सी.च मोजतो, गाडीच्या तारेभोंवतीं तो शून्य दाखवील व आपण फसाल.) प्रवाह ४० अँपिअर निघाला. त्याच वेळीं बॅटरीवर दाब १३.६ होता आणि अँप्लिफायरच्या खुंट्यांवर १०.७. म्हणजे मधले २.९ व्होल्ट वाटेंत गळत होते.

पाट फुटला कोठें हें पाहण्यासाठीं जशी कडेकडेनें चक्कर मारावी लागते, तशीच येथेंही मारावी. मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोंकावर व दुसरी अँप्लिफायरच्या अर्थिंगच्या खुंटीवर धरली. तेथें ०.१, फार तर ०.२ व्होल्ट यावेत, आले १.९. उरलेला १ व्होल्ट धन बाजूच्या तारेंत होता. अर्थिंगची तार सीटखालच्या पत्र्यांत नुसता एक स्क्रू पिळून, तोही रंगावरच, बसविलेली होती. स्क्रू काढला तों खालून तांबूस भुकटी पडली. दोन पावसाळ्यांचा गंज त्या एवढ्याशा छिद्रांत साठला होता. प्रवाह चेसिसमधून बॅटरीकडे परत जावयाचा, आणि त्याच्या दारांतच माती.

बॅटरीची ऋण तार प्रथम सोडवून ठेविली (कोणतेंही काम करण्यापूर्वीं हें करावें, त्यांत हयगय नको), मग नवी जागा निवडून रंग पुरता खरवडला, पत्रा चकचकीत दिसूं लागल्यावर नटबोल्ट व दांतेरी वॉशर घालून तार आवळली आणि वरून व्हॅसलिनचा लेप दिला. सीटच्या पट्ट्याचा बोल्ट अर्थिंगसाठीं वापरूं नये. तो माणसाच्या जिवासाठीं आहे. परत मोजलें तेव्हां १.९ चे ०.१ झाले होते. आवाजाचा जोर परत आला, आणि पुतण्यानें त्याच संध्याकाळीं विजय पुकारला.

दुसरे दिवशीं बाजाराच्या वाटेवर चाळीस मिनिटांनीं अँप्लिफायर पुन्हां गप्प झाला.

मीं त्यास सांगितलें होतें कीं एक दोष सांपडला म्हणजे सर्व सांपडले असें नव्हे. आम्ही धन बाजूच्या तारेकडे वळलों. मॅट उचलून तिचा माग काढीत पुढें गेलों, तेव्हां जें दिसलें त्यानें दोघांचेंही बोलणें थांबलें. इंजिन व बसण्याची जागा ह्यांमधील पत्र्याच्या छिद्रांतून तार आणलेली होती, पण छिद्रास रबराची कडी नव्हती. पत्र्याच्या धारेनें आवरण कापलें गेलें होतें, तापून मऊ झालेलें प्लास्टिक एका अंगास ओघळलें होतें, आणि आंतील तांबें स्वच्छ दिसत होतें. तेथून वीतभर अंतरावर डिझेलची नळी होती. तार हातांत घेऊन पाहिली. आवरण जाड पण आंत तांबें अवघें ४ चौरस मिलिमीटरचें. पांच मीटर लांबीच्या अशा तारेचा रोध सुमारें ०.०२३ ओहम भरतो. चाळिसांनीं गुणिलें कीं जवळजवळ १ व्होल्ट, आणि तेवढा व्होल्ट त्या तारेंतच उष्णता होऊन राहतो. हरवलेल्या व्होल्टाचा हिशेब येथें पुरा झाला.

आणि फ्यूज? तो बॅटरीजवळ नसून मागें अँप्लिफायरजवळ होता. म्हणजे पुढली चार मीटर तार अगदीं उघडी. पत्र्यास ती टेंकली असती तर बॅटरीचा शेंकडों अँपिअरचा प्रवाह अडविणारें वाटेंत कांहींच नव्हतें. फ्यूज काढून पाहिला तर ८० अँपिअरचा. "मूळचा तीसचा होता," पुतण्या खालीं पाहत म्हणाला. "तीन वेळां उडाला, म्हणून मीं मोठा घातला." हीच ती काडी. फ्यूज अँप्लिफायरच्या रक्षणासाठीं आहे असें त्यास वाटत होतें, आणि ही समजूत सार्वत्रिक आहे. वास्तविक मुख्य तारेवरील फ्यूज त्या तारेच्या रक्षणासाठीं असतो. तार जेवढें सोसते त्याच्या आंतला फ्यूज घालावा, व तो बॅटरीपासून एका हाताच्या आंत असावा. फ्यूज वारंवार उडत असेल तर तार जाड करावी किंवा भार कमी करावा. तिसरा मार्ग नाहीं. ज्या सीटखालून ती तार गेली होती, तिजवर रोज सकाळीं तीन मुलें बसत होतीं. मीं पुतण्यास आणखी कांहीं बोललों नाहीं.

नवी तार १६ चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची घेतली. बाजारांत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते. तिचा रोध सुमारें दीडपट असतो. टोंक ब्लेडनें खरवडलें असतां आंतून पांढरें दिसलें तर ती मुलाम्याची समजावी. छिद्रांत रबराची कडी बसविली, बॅटरीजवळ ५० अँपिअरचा फ्यूज बसविला. धन बाजूची गळ १ व्होल्टावरून पाव व्होल्टाच्या आंत आली.

आतां राहिली उष्णता. अँप्लिफायर सीटखालीं होता, त्यावर रिकामीं पोतीं कोंबलेलीं, आणि त्याच्या पंखांत कांद्याचीं सालपटें व धूळ ह्यांचा थर. पंख असतात ते वाऱ्यासाठीं. त्यांवर पोतें घातलें कीं घामेजलेल्या बैलावर घोंगडी टाकल्यासारखें होतें. ब्रशानें सर्व साफ केलें व चारी बाजूंस चार बोटें जागा राहील अशा तऱ्हेनें तो उभा बसविला.

परंतु खरा भार स्पीकराकडून येत होता. त्या मोठ्या स्पीकरांत ४ ओहमचीं दोन कॉइलें असतात. बसविणारानें तीं समांतर जोडून २ ओहम केलीं होतीं, आणि अँप्लिफायरचीं दोन चॅनेलें एकत्र जोडून त्यांवर तीं टाकलीं होतीं. अँप्लिफायरच्या पाटीवर मात्र अशा जोडणीस कमींत कमी ४ ओहम असावेत असें स्पष्ट लिहिलें होतें. रोध निम्मा म्हणजे प्रवाह दुप्पट; बैलजोडीस दुप्पट नांगर. मीटरनें मोजतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं ४ ओहमचें कॉइल मीटरवर तीन-साडेतीनच दाखवितें. आमचें प्रत्येक ३.४ होतें व दोन्हीं मिळून १.७. आम्हीं तीं एकापुढें एक जोडलीं, तेव्हां ६.८ आले, म्हणजे पाटीच्या भाषेंत ८ ओहम. आवाज थोडा उतरला. पुतण्याचें तोंडही थोडें उतरलें, पण अँप्लिफायरवर हात ठेववूं लागला.

पार शेवटापर्यंत पिळलेल्या खुंट्यांविषयीं दोन शब्द. गेन नांवाची खुंटी ही आवाजाची नव्हे. टेपकडून येणारा सूर व अँप्लिफायर ह्यांचा मेळ घालण्यासाठीं ती आहे. टेपचा आवाज तीन-चतुर्थांश ठेवून, सूर फाटेपर्यंत गेन वाढवावें व मग थोडें मागें घ्यावें. बेस वाढविण्याची खुंटी तर सर्वांत महाग. ती ६ डेसिबेलवर नेली तर खर्जास चौपट शक्ति लागते, १२ वर नेली तर सोळापट. फाटलेला सूर स्पीकरही जाळतो आणि अँप्लिफायरही तापवितो.

ज्यांच्याजवळ मीटर नाहीं त्यांनींही हताश होऊं नये. अँप्लिफायर बंद करून स्पीकराच्या सर्व तारा सोडाव्यात व मग चालू करावा. तांबडा दिवा गेला तर दोष स्पीकरांत किंवा त्याच्या तारांत. एकेक जोडीत जावें, जिच्या वेळीं दिवा लागेल ती गुन्हेगार. न गेला तर टेपकडून येणाऱ्या सुराच्या तारा काढाव्यात. शेवटीं धन, ऋण व रिमोट ह्या तीनच तारा उरल्या, त्यांतून वीज पुरेशी येते आहे, अंगही थंड आहे, आणि तरीही तांबडा दिवा कायम, तर मात्र दोष पोटांतला. तेव्हांही नवा घेण्यापूर्वीं एखाद्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्यावा. जळलेले ट्रान्झिस्टर पुष्कळदां बदलतां येतात. सुटा स्पीकर जिवंत आहे कीं नाहीं हें दीड व्होल्टाच्या साध्या सेलनेंही कळतें : तारा क्षणभर टेंकवितांच पडद्यानें टक् असा आवाज केला पाहिजे.

ट्रॅक्टरवाल्यांस हेंच सर्व लागू आहे, त्यांत हादरे व धुण्याचें पाणी अधिक. तेथें दर पंधरा दिवसांनीं नट आवळून पाहावे. स्टार्टर मारतांना क्षणभर आवाज गेला तर तो दोष नव्हे; त्या वेळीं दाब सहज १० च्या खालीं जातो. इंजिन बंद ठेवून कांट्याच्या रांगेंत तासन् तास गाणीं लावूं नयेत, नाहीं तर रांग सरकल्यावर ट्रॅक्टर ढकलावा लागेल, आणि भरल्या ट्रॉल्यांसकट तो कोण ढकलणार? मोठ्या ट्रकांत २४ व्होल्टांची वीज असते. १२ व्होल्टांचा अँप्लिफायर तिजवर सरळ जोडणें म्हणजे तो जाळणें, व दोहोंपैकीं एकाच बॅटरीवरून घेणें म्हणजे ती बॅटरी मारणें. त्यासाठीं दाब उतरविणारा कन्व्हर्टर मिळतो. बाकी ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर लाउडस्पीकर लावण्यास बंदी आहे, हेंही वाटेवरील गांवें निजलेलीं असतां आठवावें.

आमचा सर्व खर्च दोन हजारांच्या आंत झाला. ठिबकच्या नळ्या फाल्गुनांत आल्या. जीप त्यानंतर अनेकदां बाजारास गेली आहे, एकदां दुपारच्या उन्हांत सलग दीड तास गात गेली, आणि तांबडा दिवा लागलेला नाहीं. जुन्या तारेचा तो वितळलेला तुकडा पुतण्यानें गोठ्याच्या खुंटीस टांगून ठेविला आहे. शेजारचे चौघे ट्रॅक्टरवाले तो पाहून गेले. त्यांपैकीं दोघांच्या फ्यूजच्या जागीं वळलेली तार निघाली.